कार्ता, एक नग, नाजूक

बेकतासच्या टेबलाखाली उभ्या असलेल्या कॅबिनेटला कुणी नुसतं 'डबा' म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची. ते त्यानं एकवीस वर्षांपूर्वी घेतलं होतं. जाड पोलादी पत्रा, राखाडी रंग, पुढे कुलूप आणि कुलपाला खरोखरची किल्ली. आतलं सामान दर पाच-सहा वर्षांनी बदलत गेलं, पण कॅबिनेट तेच राहिलं. "आजकालची कॅबिनेटं म्हणजे बिस्किटांचे डबे," तो सांगायचा. "यावर माणूस उभा राहू शकतो." एका पाहुण्याला त्यानं एकदा खरंच उभं करून दाखवलं होतं. पाहुणा पुन्हा आला नाही, पण त्याचं कारण वेगळं असावं असं बेकतासचं मत होतं.

राउशानचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, म्हणणं एवढंच की उभं राहता येतं हे ठीक, पण कंप्युटरवर उभं राहायची वेळ कुणावर येते?

कारागंदा शहरातल्या एका सरकारी आराखडा कार्यालयात बेकतास पुलांची चित्रं काढायचा. पूल बांधले जायचे क्वचित. पण या हिवाळ्यात एक पूल खरंच होण्याची शक्यता निर्माण झाली होती. तासबुलाक नावाच्या वस्तीला रेल्वेचे सात रूळ मधोमध चिरून गेले होते. शाळा रुळांच्या अलीकडे, घरं पलीकडे. कोळशाची मालगाडी तासन् तास उभी राहायची आणि पोरं दप्तरं पुढे ढकलून डब्यांखालून रांगत शाळेला यायची. बेकतासनं हे एकदा उभं राहून पाहिलं होतं, आणि नंतर दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं. त्या रुळांवरून जाणारा पादचारी पूल त्यानं मनापासून काढला होता, दोन्ही बाजूंना लांबलचक उतार देऊन, म्हणजे बाबागाड्या न उचलता नेता येतील.

अडचण अशी की एका खाजगी कंपनीनंही पूल काढला होता. पुढच्या गुरुवारी वस्तीतल्या क्लबात लोकांसमोर दोन्ही मांडायचे होते, आणि कंपनीनं चक्क सिनेमा आणला होता. पुलावरून माणूस चालतो, संगीत वाजतं, वर पक्षी उडतात.

"बेके, लोकांना आराखडा वाचता येत नाही," कार्यालयाचे संचालक म्हणाले. "त्यांना चालता येतं. चालून दाखवा."

बेकतासच्या कंप्युटरला हे सांगून पाहिलं. त्यानं रात्रभर घुरघुर करून पुलाची एकच कड दाखवली, आणि तीही धुरकट. पूर्ण सिनेमाला एकशे चौदा दिवस लागतील असं पडद्यावर लिहून आलं. गुरुवारला राहिले होते नऊ.

तेव्हा त्यानं अल्माटीला मेहुण्याला फोन लावला. सेरझान हा राउशानचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे प्रत्येक गोष्ट असायची आणि प्रत्येक गोष्टीची काहीतरी भानगड असायची.

"जेझ्दे, तुम्हाला ग्राफिक्स कार्ड हवंय. चांगलं दणकट," सेरझान म्हणाला; बहिणीच्या नवऱ्याला इकडे जेझ्दे म्हणतात. "माझ्याकडे एक पडलंय. उद्याच पार्सल टाकतो."

"बसेल ना माझ्याकडे?"

"अहो, तुमच्या कॅबिनेटमध्ये गाय बसेल. तुम्हीच सांगता की."

ही स्तुती ऐकून बेकतास इतका सुखावला की मोजमाप विचारायचं राहून गेलं. तीस वर्षं सेंटिमीटरांवर पोट भरणारा माणूस, पण स्तुतीपुढे त्याचाही फूटपट्टीचा हात लुळा पडला.

---

शुक्रवारी टपालाची चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलं होतं: 'कार्ता, १ नग, नाजूक, सव्वादोन किलो.'

आता इकडे ग्राफिक्स कार्डालाही लोक नुसतं कार्ता म्हणतात, नकाशालाही कार्ता म्हणतात, आणि घोड्याच्या आतड्यांचं जे चरबीदार, मऊसूत पक्वान्न हिवाळ्यात उकडून पाहुण्यांपुढे ठेवतात त्याचंही नाव कार्ताच. बेकतास कामावर होता. चिठ्ठी राउशाननं घेतली, वाचली, आणि आपल्या भावाला अखेर बहिणीची आठवण झाली म्हणून तिचे डोळे भरून आले. सव्वादोन किलो म्हणजे थोडंथोडकं नाही. तिनं लगेच चौथ्या मजल्यावरच्या रिम्मा पावलोव्हनांना आणि समोरच्या गेन्रिख इवानोविचना शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं. नवऱ्याच्या हाती चिठ्ठी तेवढी दिली, जेवणाचं मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, त्यालाही सुखद धक्का बसू दे.

शनिवारी सकाळी बेकतास टपाल कार्यालयात पोचला. खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी पाहिली आणि हात पुढे केला.

"पशुवैद्याचा दाखला, आगाय," त्या अदबीनं म्हणाल्या.

"कशाचा?"

"मांस आहे. बिनदाखल्याचं मांस देता येत नाही. वरून नवीन पत्रक आलंय."

"ते मांस नाहीये. कंप्युटरचं कार्ता आहे."

बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "कंप्युटर असं कुठं लिहिलंय? आणि आगाय, मांस नाही तर नाजूक का लिहिलंय? खराब होतं म्हणूनच ना? आम्ही काळजीनं खिडकीच्या दोन काचांमधल्या फटीत ठेवलंय. बाहेर उणे बावीस आहे, मस्त राहिलंय."

बेकतास खिडकीत वाकला. "उघडून पाहा ना."

"दाखला नसताना मांसाचं पार्सल उघडता येत नाही."

रस्त्यापलीकडे बाजार होता आणि बाजाराच्या दाराशी पशुवैद्याची टपरी. पांढऱ्या कोटावर मेंढीच्या कातड्याचा दुसरा कोट घातलेला तो गृहस्थ चहा पीत होता. बेकतासनं आपली कैफियत मांडली. आपल्याला असा दाखला हवा आहे की अमुक वस्तू मांस नाही.

"वस्तू कुठाय?"

"टपालात. दाखल्याशिवाय देत नाहीत."

"मी वस्तू पाहिल्याशिवाय दाखला देत नाही. सतरा वर्षांत दिलेला नाही."

बेकतासनं दोनदा रस्ता ओलांडला. एकदा घसरून बसलाही, आणि तिथं बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की पुलांच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही आपल्याला टपाल आणि बाजार जोडता येत नाही. शेवटी पशुवैद्यालाच दया आली. चहाचा पेला हातात घेऊनच तो आला, शिक्का खिशात टाकून. तीन माणसांच्या देखत पार्सल फोडण्यात आलं. आत खोकं, खोक्यात फोम, आणि फोमात तीन पंख्यांचं काळंभोर धूड. गोठून दगड झालेलं.

पशुवैद्यानं ते बोटानं टकटकवलं. मग चिठ्ठीच्या पाठीला दोन ओळी लिहिल्या: 'सदर वस्तू घोड्यापासून मिळालेली नाही. रोगाची लक्षणे आढळली नाहीत.' आणि सवयीनं खोक्यावर तो जांभळा गोल शिक्का हाणला, जो एरवी तो मेंढ्यांच्या मांडीवर मारतो.

"आता निर्धास्त खा," तो म्हणाला. तो थट्टा करत होता की नाही, हे बेकतासला आजतागायत कळलेलं नाही.

---

घरी आला तर टेबलावर पांढरं कापड, बाउरसाकांचा, म्हणजे तळलेल्या गोळा-पावांचा, डोंगर, कांद्याच्या चकत्या, आणि चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळतंय. रिम्मा पावलोव्हना लेसची कॉलर लावून बसलेल्या. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर तो वर्ग या जिन्यात चालू ठेवला होता. शेजारी गेन्रिख इवानोविच, खाणीतले निवृत्त वेल्डर, दाढी करून, गळ्याला रुमाल बांधून.

"आणलंत?" राउशान लाजत म्हणाली. "पाणी उकळलंय."

बेकतासनं खोकं टेबलावर ठेवलं. तिघांनी जांभळा शिक्का पाहिला आणि समाधानानं माना डोलावल्या. मग त्यानं झाकण काढलं.

पाणी तेवढं खळखळत राहिलं.

"हे उकडायचं कसं?" गेन्रिख इवानोविच म्हणाले.

राउशान आत गेली आणि पातेल्यात बटाटे सोडण्याचा आवाज आला. एकेक बटाटा वरून टाकल्याचा. मग तिथूनच तिनं सेरझानला फोन लावला. त्या संभाषणातलं बाहेर एवढंच ऐकू आलं: "म्हणजे बहिणीला काहीच नाही?"

बटाटे येईपर्यंत पाहुण्यांना काम नव्हतं, आणि काम नसलेल्या पाहुण्यांचं लक्ष कार्डाकडे गेलं. सेरझाननं आत एक चिटोरं घातलं होतं: 'थोडं वापरलेलं, मायनिंगमध्ये दोन वर्षं होतं, पण तब्येत उत्तम.'

"मायनिंग म्हणजे खाणकामच ना?" गेन्रिख इवानोविच एकदम जिव्हाळ्यानं म्हणाले. "कुठल्या खाणीत होतं?"

"तसली खाण नाही. कंप्युटरवर आकडेमोड करून नाणी काढतात."

"जमिनीखाली?"

"नाही. एका गोदामात."

"मग ती खाण नव्हे," गेन्रिख इवानोविच म्हणाले, आणि त्यांचा जिव्हाळा निम्म्यावर आला.

रिम्मा पावलोव्हनांनी हुकूम सोडला की थंडीतून आणलेल्या धातूवर घरातली वाफ पाणी होऊन बसते, तेव्हा तीन तास त्याला हात लावायचा नाही. हे बरोबर होतं, आणि बेकतासला ते माहीतही होतं. पण आपल्याच घरात आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यानं सांगितली की ती जरा कमी बरोबर वाटते. त्यानं अडीच तास थांबून स्वाभिमान राखला.

चार वाजता त्यानं कॅबिनेट आडवं घातलं, कुलूप उघडलं, बाजूचं दार काढलं आणि कार्ड आत घालायला गेला.

ते गेलं नाही.

तिरकं घालून पाहिलं. उलटं. मागची बाजू आधी. गाडीच्या डिकीत सोफा घालणारी माणसं जसं तोंड करतात तसं तोंड करून पाहिलं. मग फूटपट्टी काढली. कार्ड साडेतेहतीस सेंटिमीटर. मागच्या पत्र्यापासून पुढच्या, हार्ड डिस्क ठेवायच्या पिंजऱ्यापर्यंतची जागा, अठ्ठावीस.

"गाय बसते म्हणाला होतात," राउशान दारातून म्हणाली.

"ते तुझा भाऊ म्हणाला."

"तो तुमचं ऐकून म्हणाला."

बेकतासनं पिंजरा हलवून पाहिला. पिंजरा स्क्रूचा असता तर दोन मिनिटांचं काम. पण हे एकवीस वर्षांपूर्वीचं पोलाद. पिंजरा रिव्हेट ठोकून बसवलेला, जन्मजात. ज्या भक्कमपणाची बेकतास दोन दशकं कौतुकं करत होता, तो आता हाताची घडी घालून त्याच्यासमोर उभा होता.

"नवं कॅबिनेट घ्या," रिम्मा पावलोव्हना म्हणाल्या.

"बिस्किटाचा डबा मी घरात आणणार नाही."

"मग रिव्हेटांची डोकी ड्रिलनं उडवा. पिंजरा आपोआप सुटेल. मी माझ्याकडचं बारीक ड्रिल आणते." त्या उठल्या आणि लिफ्टकडे गेल्या.

त्यांची पाठ वळताच गेन्रिख इवानोविच खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "बेके, ड्रिल हे शिक्षकांचं हत्यार आहे. माझ्याकडे पत्रा कापायचा ग्राइंडर आहे. दोन सेकंदांत पिंजरा जमिनीवर."

खरं म्हणजे बेकतासनं थांबायला हवं होतं. पण दिवसभर त्याला एका खिडकीनं, एका पशुवैद्यानं, एका बायकोनं आणि एका भौतिकशास्त्रानं शिकवलं होतं. कुणीतरी त्याच्याकडे 'आपण दोघं पुरुष' अशा नजरेनं पाहिलं हे त्या दिवसातलं पहिलंच. त्यानं कॅबिनेटच्या पोटातली सगळी यंत्रं बाहेर काढून पलंगावर चादरीत ठेवली आणि रिकामा सांगाडा ओढत जिन्याच्या चौकात नेला.

गेन्रिख इवानोविचनी वेल्डिंगचा जुना चष्मा लावला, ग्राइंडरची वायर जिन्यातल्या प्लगमध्ये खुपसली आणि बटण दाबलं. एक किंकाळी, ठिणग्यांचा फवारा, आणि सबंध जिन्यातले दिवे गेले. ग्राइंडर खाली खाली सूर लावत गप्प झाला.

त्या शांततेत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधून आवाज आला.

"कोणी ग्राइंडर लावला?"

लिफ्ट अडकली होती. रिम्मा पावलोव्हना ड्रिल घेऊन वर यायला निघाल्या होत्या.

"फ्यूज उडालाय, रिम्मा पावलोव्हना," बेकतास दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला.

"उडणारच. त्या प्लगची वायर किती जाडीची आहे ते मी सत्याण्णव साली सभेत सांगितलं होतं. गेन्रिख, तू त्या सभेला होतास."

"होतो," गेन्रिख इवानोविच कबूल झाले.

"झोपला होतास."

फ्यूजच्या पेटीची किल्ली देखभालवाल्याकडे होती आणि देखभालवाला शनिवारचा सासुरवाडीला गेलेला. त्यानं फोनवर सांगितलं की सोमवारी अर्ज द्या. रिम्मा पावलोव्हना सोमवारपर्यंत लिफ्टमध्ये राहू शकतील का, असं बेकतासनं विचारलं, तर पलीकडून विचारपूर्वक उत्तर आलं की अर्जात तसं नमूद करा. शेवटी गेन्रिख इवानोविचनी पेटीचं दार बिजागरीतून उचकटलं. त्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात रिम्मा पावलोव्हनांनी आतून, त्या अंधारातून, बेकतासला रिव्हेट कसा काढायचा ते पायरी पायरीनं सांगितलं, आणि मध्ये मध्ये समजलं का म्हणून विचारलं. राउशाननं गरम बटाटे रुमालात बांधून फटीतून आत सरकवायचा प्रयत्न केला. एकच गेला.

दिवे आले, लिफ्ट हलली, रिम्मा पावलोव्हना कॉलर सरळ करत बाहेर आल्या. त्यांनी गेन्रिख इवानोविचकडे पाहिलंही नाही. गुडघे टेकून बसल्या, ड्रिल लावलं आणि बारा रिव्हेट बारा मिनिटांत उडवले. पिंजरा आपोआप सुटला. अगदी त्या म्हणाल्या होत्या तसा, आणि हेच सगळ्यांना फार लागलं.

---

रविवारी पुन्हा जुळवाजुळव. कार्ड आत बसलं. ते बसल्याचा 'टक' असा जो आवाज आला, त्यानं बेकतासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते लगेच उतरलंही. पिंजरा गेल्यामुळे हार्ड डिस्का बेघर झाल्या होत्या. त्या राउशानच्या केकच्या साच्यात ठेवाव्या लागल्या. सव्वादोन किलोचं कार्ड आडवं लोंबकळून वाकायला लागलं, म्हणून त्याच्याखाली टेकू हवा झाला. गेन्रिख इवानोविचनी, कालची नाचक्की भरून काढायला, खाणीत छताला देतात तसा लाकडी टेकू तासून आणला. छोटा, पण नियमाप्रमाणे, वर पाचर मारलेला. बेकतासला मान्य करावं लागलं की एवढ्या दिवसांत नेमकं मापात बसलेलं हे पहिलंच काम.

मग कळलं की कार्डाला वीज द्यायला आठ-आठ पिनांच्या तीन केबली लागतात, आणि कॅबिनेटातल्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या खोक्याला, तसली एकच आहे.

"सेरझान," बेकतास फोनवर शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "केबली तीन लागतात हे तुला माहीत होतं?"

"हो, जेझ्दे. मोठा एसएमपीएस लागतो त्याला. तुमच्याकडे असेलच म्हटलं. तुमचं सगळंच मोठं असतं."

मोठा एसएमपीएस बाजारात मिळाला. तो जुन्या खाचेत बसला नाही, हे आता सांगायलाच नको. तो बाहेर, कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवला. केबली वरून वाकून आत गेल्यामुळे बाजूचं दार लागेना. दार नाही तर कुलूप नाही. किल्ली नुसतीच भिंतीवर खिळ्याला राहिली. बेकतासनं जरा लांब उभं राहून पाहिलं. माणूस उभा राहील असं ते कॅबिनेट आता पोट उघडं, डोक्यावर वजन आणि कमरेत लाकूड अशा अवस्थेत पडलं होतं. शस्त्रक्रिया अर्धवट टाकून डॉक्टर जेवायला गेलेत असं वाटत होतं.

पण ते चालू झालं. तीन पंखे फिरले, खोलीत गरम वारा सुटला. एकशे चौदा दिवसांचा सिनेमा आता तीन दिवसांत होईल असं पडद्यावर आलं. राउशान आत गेली आणि धुतलेले मोजे आणून कार्डाच्या वाऱ्यावर वाळत घातले. तिनं भावाला माफ केल्याची ही पहिली खूण होती.

---

गुरुवारी तासबुलाकचा क्लब भरला होता. लोक कोट न काढता बसले होते, कारण क्लब तापत नव्हता. आधी कंपनीचा सिनेमा झाला. संगीत वाजलं, पक्षी उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग बेकतासचा. दोन मिनिटं चाळीस सेकंद. संगीत नाही. पूल मात्र खरा, वर बर्फ, खाली सात रूळ, एका रुळावर उभी मालगाडी, आणि तिच्यावरून निवांत चालत जाणारा माणूस. हा माणूस बेकतासला कंप्युटरच्या प्रोग्रॅममध्ये आयता मिळाला होता आणि त्याला अर्ध्या बाह्यांचा सदरा होता. उणे बावीसमध्ये तो उघड्या हातांनी हसत चालला होता.

"याची आई कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळा क्लब हसला. बेकतासचे कान तापले. तेवढाच भाग तापला.

सिनेमा संपला तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी उठली. जाड नमद्याचे बूट, डोक्याला लोकरी शाल. "बाळ, परत दाखव. उतार वळतो तिथं थांबव."

बेकतासनं थांबवलं.

"हे वळण केवढंय?"

"दीड मीटर, आपा. नियमाप्रमाणे."

"माझी घसरगाडी इथं वळत नाही."

"कुठली घसरगाडी?"

"पाण्याची, बर्फावरून ओढायची. नळ रुळांच्या अलीकडे आहे आणि घर पलीकडे. चाळीस लिटरचा कॅन असतो तिच्यावर. आमच्या गल्लीत सगळ्यांची असते. इथं वळवायला गेले तर पुढचं टोक कठड्याला लागेल."

"आपा, नियम असा आहे की..."

"नियम येतो का माझं पाणी ओढायला?"

क्लबात एकदम चर्चा सुरू झाली. प्रत्येकाला आपापली गाडी आठवली. कुणाची जुळ्यांची बाबागाडी, कुणाची कोळशाची. लोक पडद्याजवळ जाऊन त्या गोठलेल्या वळणावर बोटं ठेवू लागले. बेकतास घामाघूम झाला. कार्ड, टपाल, पशुवैद्य, लिफ्ट, एवढं सगळं करून त्यानं जे दाखवलं होतं, ते म्हणजे चारशे माणसांना आपली चूक. साध्या आराखड्यात ती कुणालाही दिसली नसती.

कंपनीचा तरुण प्रतिनिधी हसतमुखानं उठला. "आमच्या पुलावर असं वळणच नाही."

"तुमच्या पुलावर उतारच नाही, बाळा," म्हातारी म्हणाली. "नुसत्या पायऱ्या आहेत. मी मघाशीच मोजल्या, पक्षी चालले होते तेव्हा. बासष्ट." मग तिनं बेकतासकडे हात केला. "याचं चुकलंय, पण याच्या पुलावरून मी निदान त्या वळणापर्यंत तरी जाते."

सभेच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, लोकांचे हात वर करायला लावले आणि सांगितलं की सरकारी आराखडा घ्यावा, वळणाची जागा वाढवून पंधरा दिवसांत पुन्हा आणावा.

बेकतास बाहेर आला तेव्हा आनंद करावा की चिडावं हे त्याचं ठरत नव्हतं. वळण वाढवायचं म्हणजे खांब सरकणार, खांब सरकला की पाया, आणि सगळा हिशेब पहिल्यापासून. क्लबाच्या पायऱ्यांशी म्हातारीची घसरगाडी उभी होती, वर पत्र्याचा कॅन आडवा बांधलेला. तो गुडघ्यांवर बर्फात बसला आणि त्यानं टेप काढला.

"एक मीटर वीस," तो म्हणाला.

"दोरीसकट मोज."

त्यानं दोरी ताणून मोजली. पेनातली शाई गोठली होती, म्हणून पेन्सिलीनं लिहिलं. "दोन मीटर चाळीस. झालं."

"झालं काय? दोरी आपण होऊन चालते का?" म्हातारीनं दोरीचं टोक हातात घेतलं, खांद्यावर टाकलं आणि रोजच्यासारखी पुढे वाकून उभी राहिली. "आता मोज. आणि लवकर कर, पाणी गोठतंय."

बेकतासनं कॅनच्या मागच्या कडेला टेपचं टोक अडकवलं, आणि टेप तिच्या बुटांच्या पुढच्या टोकापर्यंत नेत नेत तो बर्फातून गुडघ्यांवर सरकत गेला. तीन मीटर दहा.